पेंबाला जाण्याआधीची चौकशी

सकाळी साडेनऊला ठाकूरद्वारच्या नाक्यावर मी टॅक्सी केली, तेव्हा पर्समध्ये पासपोर्टच्या तीन झेरॉक्स होत्या. मूळ पासपोर्ट मुद्दाम घरी ठेवला होता, तोही कपाटात नाही, तर स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्यात. लोअर परळमधल्या एका संस्थेनं मला 'सगळी कागदपत्रं घेऊन या' असं कळवलं होतं, आणि त्यातल्या 'सगळी' या शब्दावर माझा विश्वास नव्हता.

बोलावणं टांझानियाचं होतं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर पेंबा नावाचं बेट आहे, तिथे लवंगांच्या बागा आहेत. त्या बेटावरच्या मुलींच्या शाळेत तीन महिने गणित शिकवायला निवृत्त शिक्षक हवे आहेत, अशी सूचना मी दादरच्या एका वाचनालयाच्या फलकावर वाचली. मानधन नाही, पण जाणं-येणं आणि राहणं-जेवण संस्थेकडून. गिरणगावातल्या एका मराठी शाळेत मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. लग्न केलं नाही. आई गेल्यावर गिरगावच्या घरात मी एकटीच राहते. देशाबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं, म्हणून अर्ज केला, आणि केला त्याच दिवसापासून संशय यायला लागला. एकसष्ट वर्षांच्या बाईला विमानानं फुकट कोण नेतं आणि कशासाठी नेतं?

खालच्या मजल्यावरच्या विजयकर वहिनींनी त्या संशयाला खतपाणी घातलं. त्या माझ्या आईच्या मैत्रीण, आता ऐंशीच्या घरात. "नीला, अगं, शिकवायला म्हणून नेतात आणि कुणाच्या तरी घरी भांडी घासायला ठेवतात," त्या म्हणाल्या. "पासपोर्ट काढून घेतात आधी. माझ्या भाच्याच्या ऑफिसातल्या एकीचं असंच झालं."

"कुठल्या देशात?" मी विचारलं.

"देश नाही माहीत. पण झालं."

मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी करत टॅक्सी लोअर परळला शिरली. हा भाग माझ्या पायाखालचा. माझी शाळा इथून चालत दहा मिनिटांवर. संस्थेचा पत्ता ज्या आवारातला होता, ती एके काळची कापडगिरणी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तिचा भोंगा वाजला की आमची मुलं पुस्तकं मिटायची. आता धुराडं तेवढं राहिलंय आणि त्याच्या भोवती काचेच्या इमारती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं माझा फोटो काढला, फोन नंबर घेतला, कुणाला भेटायचं ते तीनदा विचारलं. इतकी खबरदारी घेणारे लोक आत काय लपवत असतील, असं मनात आलं.

आत मात्र लपवण्यासारखं काही दिसलं नाही. चौथ्या मजल्यावर एक लहानशी खोली, चार टेबलं, एक खिडकी. गौरी सामंत नावाच्या तिशीतल्या मुलीनं मला बसायला सांगितलं. साधा सलवार-कुडता, केस मागे बांधलेले. तिनं पाणी दिलं, ते मी प्यायले नाही.

"पासपोर्ट आणलाय का, मॅडम?"

"ओरिजिनल देणार नाही," मी बसताक्षणी सांगून टाकलं.

"ओरिजिनल नकोच आहे. झेरॉक्स द्या."

माझी तयारी वाया गेली. मग तिनं पुढे केलेला अर्ज मात्र विचित्र होता. माझ्या गणिताच्या पदवीबद्दल त्यात जेमतेम दोन ओळी. बाकी सगळं वेगळंच. आजवर कुठल्या कुठल्या शाळांत काम केलं, नोकरीत कधी ताकीद मिळाली का, घरी शिकवण्या घेत होते का, मुलं एकटी येत की घोळक्यानं. शेवटच्या पानावर एक प्रश्न होता: 'मोठ्या माणसाकडून विद्यार्थ्याला इजा झाल्याचा प्रसंग तुम्ही पाहिला आहे का? असल्यास तुम्ही काय केलंत?' त्याखाली दहा-बारा ओळींची मोकळी जागा होती. मी 'नाही' लिहिलं आणि सही केली.

"आम्ही तुमच्याबद्दल थोडी चौकशी करू," गौरी म्हणाली. "शाळेत, शेजारी. तुमची हरकत नाही ना?"

"हरकत कसली? मीही तुमची चौकशी करणारच आहे."

ती हसली. "कराच. करायलाच हवी."

आणि मी खरंच केली. तिथून तशीच टॅक्सीनं वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेले आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक खिडकीवरच्या कारकुनासमोर ठेवला. त्यानं संगणकात पाहिलं. "आहे की. पंधरा-सोळा वर्षं जुनी आहे. देणगी द्यायचीय का?"

"नाही. त्यांच्याबरोबर परदेशी जायचंय."

"मग जा की," तो म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

नोंदणी खरी असली तरी माणसं खोटी असू शकतात, म्हणून दुसऱ्या दिवशी मी दादर गाठलं. गौरीनं आदल्या वर्षी पेंबाला जाऊन आलेल्या एका शिक्षकांचा नंबर दिला होता, दातार त्यांचं नाव. गिरगावहून भुयारी मेट्रोनं मी पंधरा मिनिटांत दादरला पोचले. जमिनीखालून जाताना कुठल्याच ओळखीच्या गोष्टी दिसत नाहीत, त्यामुळे आपल्याच शहरात पाहुण्यासारखं वाटतं. शिवाजी पार्कच्या कठड्यावर दातार माझी वाट पाहत होते. पासष्टीचे, उन्हानं रापलेले, सदऱ्याच्या खिशात खडूचे तुकडे. निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या खिशात खडू पाहून मला ते जरा बरे वाटले, आणि लगेच वाटलं, हा माणूस मुद्दाम तर खडू ठेवून आला नसेल.

जवळच्या उपाहारगृहात आम्ही साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं. मी त्यांना उलटसुलट प्रश्न विचारले. शाळेचं छप्पर कसलं, फळा कुठल्या भिंतीला, रात्री दिवे किती वाजेपर्यंत. त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. पत्र्याचं. पूर्वेच्या. दिव्याचा भरवसा नाही.

"जेवायला उगाली मिळेल (मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा)," ते म्हणाले. "पहिला आठवडा घशाखाली उतरत नाही. मसाला न्या. आणि मुली तुम्हाला म्वालिमू (शिक्षक) म्हणतील. हबारी म्हणजे काय खबर. गणिताला हिसाबाती. आपलेच शब्द फिरून आल्यासारखे वाटतात."

"पासपोर्ट कुणाकडे असायचा?"

"माझ्याच बॅगेत. तुम्ही इतक्या का घाबरताय?"

"आणि हे लोक एवढी चौकशी का करतात?"

दातारांनी पियूषचा पेला बाजूला सारला. "मलाही राग आला होता. माझ्या मुलीला फोन करून विचारलं त्यांनी, बाबा मारायचे का म्हणून."

"मग?"

"ती म्हणाली, दोनदा. ते त्यांनी लिहून घेतलं, आणि मग मला बोलावून तासभर त्यावर बोलले."

त्यानंतरचे आठ दिवस तयारीत गेले. गिरगावातल्या फोटो स्टुडिओत व्हिसासाठी फोटो काढला. लसीकरणाच्या सरकारी केंद्रात पिवळ्या तापाची लस घ्यायला गेले, तर तिथल्या डॉक्टरांनी साठीच्या पुढच्यांना ही लस जपून देतात असं सांगून माझ्या सगळ्या आजारांची यादी घेतली आणि मगच सुई टोचली. रात्री कणकण आली. एके दुपारी लालबागच्या मिरचीगल्लीत गेले. तिथे डोळ्यांत पाणी आल्याशिवाय खरेदी होत नाही. दुकानदाराला तीन महिने टिकेल असा मालवणी मसाला करून मागितला.

"खंय जातास?" तो म्हणाला (कुठे जाताय?).

"आफ्रिकेत."

"मग अर्धो किलो पुरे होवचो नाय," त्यानं सांगितलं आणि एक किलो बांधला. मिरच्या निवडून घेईपर्यंत मी तिथेच उभी राहिले, कारण देठासकट कुटतात असं मी ऐकून होते. देठ काढूनच कुटल्या त्यानं. घरी येईपर्यंत पुडी फुटली आणि नवी सुती साडी लाल झाली.

ती साडी मी भिजत घालत होते तेव्हा विजयकर वहिनी जिना चढून आल्या. त्या सहसा वर येत नाहीत, गुडघे दुखतात.

"एक मुलगी येऊन गेली," त्या दम खात म्हणाल्या. "तुझ्याकडे कोण येतं-जातं, पूर्वी शिकवणीला मुली यायच्या त्यांच्याशी तू कशी वागायचीस, असं सगळं विचारत होती. मी म्हटलं, तळपद्यांचं घर आहे ते, तुम्ही काय समजता? नीला, हे काही बरं लक्षण नाही."

मी गौरीला परवानगी दिली होती हे खरं, पण प्रत्यक्षात कुणी आपल्या जिन्यात उभं राहून आपल्याबद्दल विचारून गेलं की ते अंगाला चिकटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोअर परळला माझ्या जुन्या शाळेत गेले. तिथेही ती गेली असणार, आणि तिथे कोण काय बोललं ते मला हवं होतं.

शाळेच्या कचेरीत सावंत होते. माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेले लिपिक, आता निवृत्तीला वर्ष उरलेलं. त्यांनी खुर्ची पुसून दिली.

"आल्या होत्या ना त्या मॅडम. मोठ्या बाईंकडे अर्धा तास बसल्या. तुमचं सगळं चांगलंच सांगितलं आम्ही, बाई."

"आणि काय विचारलं?"

"तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुलींची नावं मागितली. मोठ्या बाईंनी पाच दिली, नंबरसकट. अमृता, ती नर्सरीवाली कदम, दोघी शिर्के बहिणी..." त्यांनी बोटांवर मोजलं. "आणि वैशाली घाडी. ती दर वर्षी आपल्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासायला येते, लॅबमध्ये आहे ना, तिचा नंबर हाताशीच होता."

मी चहाला नको म्हटलं आणि बाहेर पडले. फाटकाशी येऊन उभी राहिले. कुठे जायचं ते सुचेना.

वैशाली घाडी सातवीत होती तेव्हाची गोष्ट आता सांगायला हवी. मी तिच्या वर्गावर हजेरीपट द्यायला गेले होते. आत परब सर होते, माझे सहकारी, हुशार आणि तापट. मी दारात पोचले तेव्हा ते फळ्याकडे तोंड करून उभे होते. मागे कुणीतरी हसलं. ते वळले आणि हातातलं लाकडी डस्टर त्यांनी जोरात भिरकावलं. ते वैशालीला डाव्या कानावर लागलं. ती बाकावरून खाली पडली. कानातून रक्त आलं. पुढे कळलं, तो कान कायमचा गेला.

तासाभरात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. परब सर खुर्चीत डोकं धरून बसले होते. त्यांना दोन लहान मुलं होती, नोकरी जाईल, शाळेचं नाव जाईल, असं सगळं बोलणं झालं. कागद तयार होता. 'विद्यार्थिनी जिन्यावरून घसरून पडली.' खाली प्रत्यक्षदर्शीची सही. "बाई, तुमच्या शब्दाला वजन आहे," मुख्याध्यापक म्हणाले. मी सही केली. संध्याकाळी वैशालीची आई आली. वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारी, नवऱ्याची गिरणी बंद पडलेली. कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर उभी राहून तिनं विचारलं, "बाई, जिन्यावरसून पडला मां चेडू?" (जिन्यावरून पडली ना मुलगी?) मी "हो" म्हणाले.

नंतर मी वैशालीला माझ्या तासाला पहिल्या बाकावर, उजवा कान माझ्याकडे येईल असं बसवत असे. त्याला मी माझा चांगुलपणा समजत होते. परब सर दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या शाळेत गेले. त्यांच्याबद्दल मला पुन्हा कुणी एक शब्दही विचारला नाही.

आता गौरीनं वैशालीला फोन केला असणार. वैशालीनं काय सांगितलं असेल? मी टॅक्सीला हात केला आणि वरळी सांगितलं. माफी मागायला निघाले होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती काय बोलली ते मला काढून घ्यायचं होतं.

बीडीडीच्या जुन्या इमारती मी ओळखत होते, पण घाडी आता पुनर्विकासातल्या नव्या टॉवरमध्ये राहतात. मजला तिथल्या पहारेकऱ्यानं सांगितला. खाली चकचकीत लॉबी, लिफ्टसमोर रांग. रांगेत एक आजोबा मच्छीची पिशवी सांभाळत उभे होते. तेविसाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोर ओळीनं दारं, प्रत्येकासमोर चपलांचा ढीग आणि निम्मी दारं सताड उघडी. चाळीची सवय माणसांबरोबर वर चढून आली होती.

वैशालीनंच दार उघडलं. तिशी ओलांडलेली, लॅबच्या कपड्यांतच, दुपारच्या पाळीला निघण्याच्या तयारीत. मला पाहून तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. तिची आई मात्र धावत आली. केस पांढरे झालेले, पण आवाज तोच.

"तळपदे बाई! बसा, बसा. घावणे घालतंय."

मी नको नको म्हणत असताना त्यांनी तवा तापवलाच. लेकीचं कौतुक सांगत होत्या, लॅबमध्ये तिच्या हाताखाली तिघं आहेत, रक्त काढते तर माणसाला कळतसुद्धा नाही. "आयकाक कमी येता तरी खंय अडला नाय तिचा," त्या म्हणाल्या (ऐकायला कमी येतं तरी कुठे अडलं नाही तिचं), आणि मग उलथनं हातात धरूनच माझ्याकडे वळल्या. "माझोच दोष तो. पायापेक्षा एक नंबर मोठी चपला घेतलंय मी, फुडल्या वर्साक पण चालतीत म्हणान. त्येच्यामुळेच घसारला ता."

(त्यांचा अर्थ असा: मीच एक नंबर मोठ्या चपला घेतल्या, पुढच्या वर्षीही चालतील म्हणून. त्यामुळेच ती घसरली.)

हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षं ही बाई त्या चपलांचा विचार करत होती.

त्या पुन्हा आत वळल्या तसं वैशालीनं मला खिडकीशी नेलं. खाली समुद्राचा एक तुकडा दिसत होता. ती माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, म्हणजे तिचा उजवा कान माझ्याकडे.

"त्या मॅडमच्या फोनबद्दल आलात ना, बाई?"

"हो," मी म्हणाले.

"टेन्शन घेऊ नका. मी चांगलंच सांगितलं. तळपदे बाई गणित एक नंबर शिकवायच्या. वर्गात भीती वाटायची का, असं विचारलं. मी म्हटलं नाही वाटायची."

"आणखी?"

"दुसरं त्यांनी विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही."

तिनं आवाज खाली आणला. "तुम्ही दारात उभ्या होतात. हातात हजेरीपट होता. मी पडले तेव्हा तुमच्याकडेच बघत होते. मला वाटलं, बाईंनी बघितलंय, आता बाई सांगतील."

"तू का नाही बोललीस घरी?"

"कशी बोलणार? तुमची सही होती. माझं कोणी ऐकलं असतं का?" ती खाली पाहत होती. "नंतर खूप वेळा तोंडापर्यंत आलं. पण आई विचारणार, इतकी वर्षं का नाही सांगितलंस. त्याला माझ्याकडे उत्तर नाही."

"मी सांगू त्यांना?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी हे मनापासून म्हणतेय की तिला खूश करायला, ते ती पाहत असावी. मलाही ते ठाऊक नव्हतं.

"ते तुमचं तुम्ही बघा, बाई," ती म्हणाली.

आईंनी ताटली आणून ठेवली. घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार, पांढरे) आणि नारळाचा रस. मी ताटलीला हात लावला नाही. म्हटलं, "घाडीकाकू, वैशाली जिन्यावरून पडली नव्हती. परब सरांनी डस्टर फेकून मारलं. मी दारातून पाहिलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, आणि कागदावर खोटी सही केली."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. वैशालीनं मान हलवली. तव्यावर दुसरं घावण होतं, ते करपल्याचा वास येऊ लागला, पण कुणी उठलं नाही.

"म्हणजे चपलांचो दोष नव्हतो," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

मग त्यांनी माझ्यासमोरची ताटली उचलली आणि आत नेली. परत आल्या त्या उभ्याच राहिल्या. "तुमी आता जावा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता.

लिफ्टमध्ये मी चुकीचं बटण दाबलं आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये पोचले. बाहेरची वाट सापडेना. एक गाडी पुसणारा माणूस मला रॅम्पवरून वर घेऊन आला. त्यानं "काकू, बरं वाटत नाही का?" असं विचारलं. मी म्हटलं, ऊन लागलं.

तिथून मी सरळ लोअर परळच्या त्या खोलीत गेले आणि गौरीला म्हटलं, "माझा अर्ज काढा. शेवटचं पान बदलायचंय." तिनं पान दिलं. 'नाही' खोडून मी खाली सगळं लिहिलं. जागा पुरली नाही, मागच्या बाजूलाही लिहिलं. गौरीनं ते दोनदा वाचलं.

"आम्हाला हे माहीत नव्हतं," ती म्हणाली.

माझा विश्वास बसेना. "वैशाली घाडीला तुम्ही कशाला फोन केलात मग?"

"शाळेनं नंबर दिला म्हणून. बाकी चौघींनाही केला."

"आणि तो प्रश्न?"

"तो सगळ्यांना विचारतो. जवळजवळ सगळे 'नाही' लिहितात." तिनं पान फाइलमध्ये ठेवलं. "तीस-पस्तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसानं एकदाही काही पाहिलं नाही, हे मला खरं वाटत नाही. पण नंतर येऊन खोडणारं कुणी भेटलं नव्हतं. निर्णय समिती घेईल, मॅडम. मी काही सांगू शकत नाही."

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. समितीनं नाही म्हटलं होतं. मुलाच्या इजेबद्दल खोट्या कागदावर ज्याची सही आहे, त्याला ते मुलांच्या शाळेत पाठवत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, असं ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि संतापले. गप्प राहिले असते तर त्या वेळी विमानात असते, हेच दोन दिवस माझ्या मनात घोळत होतं. विजयकर वहिनींनी विचारलं तर मी म्हटलं, त्यांची जागा भरली. म्हणजे पुन्हा खोटंच बोलले, आणि ते बोलल्यावर माझ्या लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी वैशालीच्या फोनवरून तिच्या आईचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "ह्यां माका कागदार लिवन होयां," त्या म्हणाल्या (हे मला कागदावर लिहून हवं).

मी त्या रात्री लिहायला बसले आणि चार मसुदे फाडले. दोन पानं झाली. रविवारी सकाळी वरळीला गेले. आत बसायला सांगितलं, पाणी दिलं. वैशाली शेजारी बसली. काकू मांडीवर हात ठेवून ऐकायच्या तयारीत होत्या. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. हजेरीपट, डस्टर, मुख्याध्यापकांची खोली, सही. संपल्यावर त्यांनी विचारलं, "मी तुमका इचारलंय आणि तुमी 'होय' म्हणालास, तां ह्येच्यात खंय आसा?"

(मी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, ते यात कुठे आहे?)

मी पानं चाळली. नव्हतं. कॉरिडॉरमधलं ते मी लिहिलंच नव्हतं, चारही मसुद्यांत नव्हतं. मुद्दाम गाळलं होतं की सुटलं होतं, ते आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी पेन काढलं आणि त्यांच्यासमोर ते वाक्य घातलं, त्यांनी वापरलेल्या शब्दांसकट. वैशालीनं पुन्हा सगळं मोठ्यानं वाचलं. काकूंनी मान हलवली, मग मी खाली नाव आणि तारीख घालून सही केली. कागद चौकोनी घडी करून त्यांनी देवाच्या फोटोमागे ठेवला.

मी उठले. दारापर्यंत त्या आल्या.

"मगे, आफ्रिकेक कधी जाणां?"

"जात नाही. त्यांनी नको म्हटलं."

"बरां केल्यांनी," त्या म्हणाल्या (बरं केलं त्यांनी). आणि दार लावून घेतलं.

वरळीहून गिरगावला मी बसनं आले, खिडकीशी जागा मिळाली. दोन दिवस ज्या निर्णयावर मी धुमसत होते, तो मला त्या दारात, त्या बाईच्या तोंडून पटला. पेंबाच्या मुलींना हिसाबाती शिकवणारं दुसरं कुणीतरी मिळेल. मी त्या शाळेच्या दारात उभी असताना आत काही घडलं असतं, तर मी या खेपेला काय केलं असतं, हे त्या समितीला माहीत नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं?

ओळखीचे लोक अजून विचारतात, टांझानियाचं कधी लिहिताय. लिहिण्यासारखं झालं ते एवढंच, गिरगाव ते वरळी. पेंबा मी नकाशातच पाहिलं आहे. पुढच्या वर्षी अर्ज करायचा की नाही, ते ठरवलेलं नाही. त्या दोन पानांची मी एक प्रत करून ठेवली आहे, ती शाळेच्या दप्तरात लागायला हवी, जिथे तो जुना कागद अजून असेल. उद्या सकाळी ती घेऊन मी लोअर परळला जाणार आहे. मोठ्या बाई ती स्वीकारतील याची मला खात्री नाही. पण पोच मिळेपर्यंत मी कचेरीतल्या बाकावरून उठणार नाही.